गयाबाईंची फुंक

छातीच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते खोकत खोकत आपणहून आत येतात! शहरातल्या गारखेडा भागातल्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम तपासतात, रफिकभाई औषधं देतात आणि मी पेशंटना मशीनमध्ये फुंकायला लावते. पावसाळ्यात आम्ही तिघं निवांत असतो. दसरा झाला, मळणीयंत्रं सुरू झाली, रस्ते कोरडे पडले, की बाहेरचा बाक भरतो. पुढे शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटायला लागल्या की तोही पुरत नाही. हसण्यासारखं फार थोडं असतं. तरी हसतो, नाहीतर इथं काम करणं अवघड आहे.

*

गुलमंडीच्या बाजारातले एक कापडवाले शेटजी. दुकानासमोरचा रस्ता खोदून ठेवलेला. मॅडमनी विचारलं, "दुकानात धूळ फार येते का हो?"

"आता चिंता नाही मॅडम. सोय केली."

"काचेचं दार लावलंत?"

"नाही हो. पांढरं कापड आत ठेवलं, पुढं सगळं खाकी लावलं!"

कापड धुळीतून सुटलं. शेटजी अजून येतात.

*

गयाबाई फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातल्या. रफिकभाईंचंही गाव तेच, ते रोज बसने ये-जा करतात. गयाबाईंना दर हिवाळ्यात दम लागायचा, म्हणून मॅडमनी तोंडाने औषध ओढायचा पंप दिला. पुढच्या वेळी आल्या त्या जास्तच धापा टाकत. मी म्हटलं, पंप दाखवा बरं. पिशवीतून काढला, तर त्याच्या तोंडाशी पांढरं पीठ!

जावांनी बघितला तर गयाला नशा लागली म्हणतील, म्हणून बाईंनी तो ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवला होता. औषधाबरोबर पीठही ओढत होत्या.

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्लाह! काकी, भाकर खायची असती, ओढायची नाय!"

सगळे हसले. गयाबाईही हसल्या. हसताना त्यांना जो दम लागला, तो बघून मी धावत खुर्ची आणली.

*

गयाबाईंचे मालक म्हणजे आबा. गावात मान असलेलं घर, बोलणं रोखठोक. मॅडमनी त्यांना विचारलं, "आबा, पऱ्हाट्या जाळता का?"

"जाळतो की. पण आमचा धूर घराकडं येत नाय. वारं बघूनच पेटवतो. समदा खालच्या वस्तीकडं जातो!"

मॅडम उठल्या. त्यांनी दार उघडलं. बाहेर बाकावर खालच्या वस्तीचे दोघं छाती धरून बसले होते. आबांनी त्यांना रामराम केला, पण स्वतःची मान वर झाली नाही.

त्या वर्षीपासून आबांनी पऱ्हाटी जाळायची बंद केली. यंत्र आणून तिचा भुगा करून शेतातच टाकायला लागले. गाव हसलं. बाकीच्यांच्या शेतातला धूर मात्र येतच राहिला.

*

यंदा होळीच्या आधी गयाबाई आल्या तेव्हा चार पावलं चालायची पंचाईत होती. मी नळी तोंडात दिली आणि नेहमीसारखी ओरडले, "फुंका, फुंका, अजून, अजून!" फुंक मध्येच तुटली. पुन्हा तुटली. मशीन काही मानेना.

आबा बाजूलाच उभे होते. म्हणाले, "ताई, ऱ्हायलेलं मी फुंकलं तर चालंल का? घरचंच हाय."

या नोकरीत मी पुष्कळ ऐकलंय. त्या दिवशी मात्र मला मशीनचे आकडे दिसेनात.

मॅडमनी आबांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "आता धूर अजिबात नको. पुढचा झटका त्यांना झेपणार नाही. होळीपुरतं तरी मुलाकडे शहरात आणा."

गयाबाईंनी आतून ऐकलंच. "सणाला घर सोडून कुठं जाऊ? पुरण कोण घालंल?"

*

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी रफिकभाईंनी शटर वर केलं आणि औषधं लावायचं सोडून आम्हाला होळीची गोष्ट सांगायला बसले.

गावाची होळी आबांच्या दारासमोर. जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आणि पेटवायचा मान त्यांच्याच घराचा. दिवेलागणीला सगळं गाव जमलं. बायका नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या, पोरं बोंब मारायला तोंडाशी हात नेऊन तयार. आबांनी पूजा केली, नारळ वाहिला, पेटता टेंभा हातात घेतला. वारं सरळ घराकडे वाहत होतं. खिडकीत गयाबाई गजांना धरून बसल्या होत्या.

आबांनी टेंभा पाण्याच्या बादलीत बुडवला.

मग सरपंच पुढे झाले. "आबा, सणासुदीला असं करू नये. तुमच्यानं व्हत नसंल तर मी पेटवतो."

"तू कसा पेटवशील? आमच्या घरानं पेटवल्याबिगर गावात होळी पेटत नाय. ही रीत तुज्या आज्यानंच घातली ना?"

"व्हय, घातली. पण मग पेटवायची कधी?"

आबा ओट्यावर जाऊन बसले. दार उघडंच होतं.

"गया आत हाय," ते म्हणाले. "जा, तिला इचारून या."