बाळ दमलंय

"बाळ दमलंय."

पोटातल्या बाळाच्या ठोक्यांच्या कागदावर पेनचं टोपण आपटत ते म्हणायचे आणि घाबरलेल्या नवऱ्याकडे बघायचेही नाहीत. असे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. गरोदर बायकांना ते नावानं हाक मारत नसत. "ए, सातवा महिना, इकडे ये!" सिल्वासात मी दवाखान्यादवाखान्यांतून भूल द्यायला फिरतो, म्हणून ही ओळख माझ्या वाट्याला आली.

एकदा नरोलीच्या चाळीतून धुळ्याकडची एक बाई आली. नवरा धाग्याच्या कारखान्यात. सातव्यातच कळा सुरू झालेल्या. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून या डॉक्टरांनी स्टिरॉइडची सुई दिली. ते बरोबरच केलं. कळाही थांबल्या. दुसऱ्या दिवशी मला फोन आला, "ताबडतोब या. बाळ दमलंय. सिझर."

मी जाऊन कागद पाहिला. रेघ खरंच सपाट होती. ठोक्यांचा वेग ठीक, पण चढउतार जवळजवळ नाहीतच.

"सर, सुईनंही असं होतं. बाळ दोनेक दिवस हलतंही कमी, मग आपोआप सुधारतं. आधी सोनोग्राफी करू या."

"तुम्ही भूल द्या. शिकवणी नको."

बाई कुशीवर वळली. "साहेब, कालपर्यंत लाथा मारत होतं. सुई लागली तसं गप झालं."

"तुला कुणी विचारलं?"

सोनोग्राफीशिवाय भूल देणार नाही, असं मी सांगितलं. ते दुसऱ्या भूलवाल्याला फोन लावू लागले. मी बाहेर जाऊन नवऱ्याला सगळं समजावलं. त्यानं तिला सरकारी इस्पितळात हलवलं. तिथं सोनोग्राफीत बाळ ठणठणीत दिसलं. डॉक्टरांनी लक्ष ठेवून वाट पाहिली. दोन दिवसांनी बाळ पुन्हा लाथा मारू लागलं. नवव्या महिन्यात मुलगी झाली.

नवरा भोळा. आमच्या या डॉक्टरांनाही पेढे आणि मुलीचा फोटो देऊन आला. यांनी तो चौकटीत बसवून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावला. खाली लिहिलं, 'वेळीच केलेलं निदान'.

दुसरा भूलवाला मिळाला नाही म्हणून एका दुपारी त्यांनी मलाच बोलावलं होतं. मुलीला कडेवर घेऊन ती बाई आली, बाकावर चढली आणि फोटो उतरवू लागली.

"अगं, काय करतेस?" हे केबिनमधून धावत आले.

"माझी पोर आहे, साहेब. घरी नेते."

ते हसले. कुणीतरी सोबत हसावं म्हणून बाकांवरच्या बायकांकडे बघत राहिले. एकही हसली नाही. तेव्हा मला त्यांची कीव आली. थोडीच.

पुढं ते मोठ्या शहरात गेले. जाताना त्यांना निरोप द्यायला कुणी आलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.