पापणीभर उशीर

व्हिडिओ गेमचं यंत्र गरम पाण्याच्या टाकीत पडलं तेव्हा जावईबापूंच्या हातात फडकं होतं. म्हणजे हेतू अगदी स्वच्छ होता.

हॉस्पिटलच्या तळघरात व्यायामाची खोली होती. तिथल्या कोपऱ्यात शेकाच्या पिशव्या गरम ठेवायची स्टीलची टाकी होती. सासरे खांद्याचा व्यायाम करत होते, आणि दुसरा माणूस घाम गाळत असताना नुसतं बसून राहणं जावईबापूंना जमत नसे. त्यांनी फळीवरची धूळ पुसायला घेतली. त्यासाठी यंत्राच्या वायरी सोडवल्या, यंत्र उचललं आणि समोर दिसलं त्या सपाट जागेवर ठेवलं. ती सपाट जागा म्हणजे टाकीचं झाकण. तेवढ्यात गुडघेदुखीच्या आजी म्हणाल्या, "कुणी मला एक पिशवी देईल का?" जावईबापू लगबगीने वळले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तेच झाकण उचललं.

डुबुक.

खोलीत इतकी शांतता पसरली की आजींचा गुडघासुद्धा दुखायचा थांबला. बाईंनी येऊन टाकीत डोकावून पाहिलं. पिशव्या काढायच्या लांब चिमट्याने यंत्र बाहेर काढलं, निथळू दिलं आणि म्हणाल्या, "शिजलं."

या बाई म्हणजे तिथल्या फिजिओथेरपिस्ट. उंची साडेचार फूट आणि वर जो काय अंबाडा असेल तो. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. खिशात सांध्याचा कोन मोजायची पट्टी. पेशंट त्यांना माघारी रिंगमास्तर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि एकदा त्यांनी स्वतःच फोनवर "मी रिंगमास्तर बोलतेय" असं सांगून एका कामचुकार पेशंटला घाम फोडला होता. एकोणीस वर्षं त्या या तळघरात माणसांचे हातपाय परत मिळवून देत होत्या. 'बरे व्हाल' असं मात्र त्यांनी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. 'पुन्हा करा' एवढंच म्हणत.

ते खेळाचं यंत्र त्यांनी स्वतःच्या घरून आणलं होतं. मुलगा मोठा झाला, यंत्र माळ्यावर गेलं, आणि बाईंच्या लक्षात आलं की जो माणूस 'दहा वेळा अंगठा दाबा' म्हटलं की चौथ्या वेळेला पाणी मागतो, तोच माणूस पडद्यावरचे फुगे फोडायला दोनशे वेळा अंगठा दाबतो आणि वर आणखी एक डाव मागतो. मग माळ्यावरचं यंत्र तळघरात आलं. जोडीला एक जुना, ढेरपोट्या टीव्हीही आला.

जावईबापूंचे सासरे शिंपी. पक्षाघाताचा झटका येऊन उजवा हात गेला, त्याला तीन महिने झाले होते. खांदा हलू लागला, कोपर हलू लागलं, पण अंगठा रुसलेला. आणि अंगठ्याशिवाय कात्री धरता येत नाही. त्या फुग्यांच्या खेळात मात्र अंगठा रोज थोडा थोडा लोणच्यासारखा मुरत होता. पहिल्या दिवशी तीन फुगे. यंत्र शिजलं त्याच्या आदल्या दिवशी एकेचाळीस.

"दुसरं यंत्र शोधते," बाई म्हणाल्या. "आठ-दहा दिवस लागतील. तोवर हे दाबा." त्यांनी सासऱ्यांच्या हातात कपडे वाळत घालायचा चिमटा दिला.

सासरे चिमट्याकडे बघत राहिले. "आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, मॅडम. आता वाळत घालायचं पण मीच का?"

अपराधी माणूस भरपाईला निघाला की त्याला आवरणं कठीण. दुसऱ्याच दिवशी जावईबापू तळघरात आले ते चेहरा उजळूनच.

"मॅडम, यंत्र शोधूच नका. आता यंत्रच लागत नाही! महिन्याची वर्गणी भरायची, टीव्हीला एक कांडी जोडायची, बस. फुग्यांचे तर छप्पन खेळ आहेत."

"आणि खेळ असतो कुठं?"

"लांब. मोठमोठी केंद्रं असतात हो त्यांची. खेळ तिथं चालतो, आपल्याला नुसतं चित्र दिसतं."

"म्हणजे पेशंट इथं बटण दाबणार, ते लांब कळवलं जाणार, तिथं फुगा फुटणार, आणि फुटल्याची बातमी परत इथं येणार?"

"एका क्षणात, मॅडम! पापणी लवेपर्यंत."

"पापणी बरीच मोठी असते," बाई म्हणाल्या. त्यांनी गुडघेदुखीच्या आजींचा पाय उचलून पट्टी लावली. "आणि समजा, आवडला यांच्या अंगठ्याला एखादा खेळ. सहा महिने तो तिथंच असेल असं ते लिहून देतील?"

"तसं... खेळ बदलत राहतात त्यांचे. नवे येतात, जुने जातात."

"माझे पेशंट बदलत नाहीत. आजी, अजून थोडा वर."

जुन्या माणसांना नव्याची भीती वाटते, असं जावईबापूंनी बसमध्ये स्वतःला समजावलं. बाई त्यांच्याहून फार तर आठ वर्षांनी मोठ्या होत्या, पण समजूत काढायची म्हटल्यावर इतका हिशोब कोण करतो? त्यांनी घरी येऊन गुपचूप वर्गणी भरली आणि कांडी जोडली. बायकोला म्हणाले, "दहा दिवसांनी बाबा साठ फुगे फोडून दाखवतील, मग बघ रिंगमास्तरचं तोंड."

पहिल्या संध्याकाळी सासरे हौसेने बसले. बावीस फुगे. दुसऱ्या संध्याकाळी सतरा. तिसऱ्या दिवशी नऊ झाल्यावर त्यांनी बटणाचं खेळणं डाव्या हाताने हळूच बाजूला ठेवलं, जसं आपण कुणाचं झोपलेलं मूल ठेवतो. चौथ्या दिवशी ते हॉस्पिटलला गेले नाहीत. पाचव्या दिवशीही नाही. लेकीने कपाटातली मोठी कात्री तेल लावायला म्हणून बाहेर काढली होती. "देऊन टाक कुणाला तरी," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सहाव्या दिवशी दारावर थाप पडली. बाई कुणाच्या घरी जात नसत. त्या आल्या, चप्पल काढली, आणि "पेशंट कुठाय?" एवढंच म्हणाल्या.

"राहू दे मॅडम," सासरे भिंतीशीच बोलले. "उतरती कळा लागली. तुमच्याकडे होतो तेव्हा दाबलं की फुटायचा. आता दाबतो मी आज, फुगा फुटतो उद्या. हातापर्यंत निरोपच पोचत नाही."

बाईंनी हात घेतला. अंगठा चारही दिशांना फिरवून पाहिला. स्वतःची दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली. "दाबा." सासऱ्यांनी दाबली. "पुन्हा." बाईंच्या कपाळाला आठी पडली. हात तर आठवड्यापूर्वी होता तसाच होता, उलट कांकणभर सरसच. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. टीव्हीच्या कडेला लोंबणाऱ्या कांडीवर ती थांबली, आणि तिथून थेट जावईबापूंवर आली.

जावईबापूंना एकदम पाणी प्यावंसं वाटलं.

"लावा ते," बाई म्हणाल्या. "बसा. आज तुम्ही खेळायचं. बाबा, तुम्ही इकडे वळा. बघू नका वाटल्यास, नुसतं ऐका."

जावईबापूंनी धडधाकट अंगठ्याने बटण दाबलं.

टिक. फट.

"पुन्हा."

टिक. फट.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं होतं. पट्टा जरासा सैल झाला तरी पायाच्या आधी त्यांच्या कानाला कळायचं. स्वतः खेळताना तो कान हाताची काळजी करण्यात गुंतला होता. आता तो मोकळा होता. तिसऱ्या टिकला त्यांनी मान उचलली. चौथ्याला ते कोपरावर उठून बसले.

"जावईबापू," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले, "तुमचाही हात गेला की काय?"

लेक आधी फस्सकन हसली आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला.

"त्यांचा हात चांगला आहे," बाई म्हणाल्या. "कुणीही दाबलं तरी फुगा उशिराच फुटणार."

"मग माझा हात?"

"तुमचा मंद आहे. पण एवढा मंद नाही. वरची मंदी यांनी महिन्याच्या वर्गणीने विकत आणली."

सासरे आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग ते पुटपुटले, "उगाच शिव्या घातल्या रे तुला." हे अंगठ्याला होतं, पण जावईबापूंचे कान तापले. टाकीत पडलेलं यंत्र निदान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलं होतं. हे मात्र त्यांनी घरात आणून टीव्हीला जोडलं होतं, बाबांच्या पाठीत उशी दिली होती, आणि रोज संध्याकाळी बाजूला बसून "छान, छान" म्हटलं होतं.

"मॅडम, मला खरंच वाटलं..."

"ठाऊक आहे. रिकामा माणूस बसून खेळणार असेल, तर खुशाल खेळू दे त्याला. त्याला फुगा फोडायचाय. यांना आपला हात आपलं ऐकतो का, ते बघायचंय." मग जरा आवाज उतरवून त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "उद्या दहा वाजता. यंत्र मिळालंय. दुरुस्तीवाल्याने तीन मोडक्यांचं मिळून एक केलंय, दिसायला भयंकर आहे."

खरंच भयंकर होतं. वरची अर्धी बाजू काळी, खालची करडी, आणि झाकण चिकटपट्टीने बांधलेलं. दहाला पाच कमी असताना सासरे ढेरपोट्या टीव्हीसमोर बसले होते. बाईंनी त्यांचा अंगठा बटणावर ठेवला आणि हात काढून घेतला.

अंगठा थरथरला. थांबला. मग दबला, आणि त्याच घडीला फुगा फुटला.

सासऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. पुन्हा दाबला. फुटला. गुडघेदुखीच्या आजी आपला व्यायाम सोडून "तो निळा, तो निळा!" असं ओरडू लागल्या. सासऱ्यांनी निळा फोडला. चौदा झाले, एकोणीस झाले. वय अडुसष्ट, पण चेहऱ्यावर शाळा सुटल्यासारखा आनंद. मधेच एक हुकला तर ते स्वतःवर रागावले, आणि तो राग बघून जावईबापूंना इतकं बरं वाटलं की चष्मा पुसावा लागला. परवापर्यंत त्यांना रागावण्याजोगंही काही उरलं नव्हतं.

बाई वहीत आकडा लिहीत होत्या. जावईबापू त्यांच्याकडे दोन पावलं सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मला एकदा खरं सांगा. बाबा पुन्हा कात्री धरतील ना?"

वहीतून मान वर न करता बाई म्हणाल्या, "ते त्यांच्या अंगठ्याला विचारा, आणि आधी टीव्हीसमोरून बाजूला व्हा."