खाली पडू दिलेली ओळ

हे आजवर मी कुणाजवळ बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळही नाही — आणि हे तर त्या दिवशी माझ्या मागेच, दोन हातांच्या अंतरावर ड्रम वाजवत बसले होते. पाहुणे आले की अजून ती गंमत सांगतात, "आमच्या बाईसाहेबांना भर कार्यक्रमात शब्दच आठवेना!" सगळे हसतात. मीही हसते. इतकी वर्षं हसत आले, आता कंटाळा आलाय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नाही बहुतेक.

आधी झील म्हणजे काय ते सांगायला हवं. मुख्य गाणारा ओळ म्हणतो. ओळ संपता संपता त्याचा श्वास संपतो. तेव्हा मागे उभा असलेला तो शेवटचा शब्द उचलतो, लांबवतो, वर धरून ठेवतो — तेवढ्यात पुढे गाणारा दम खातो. याला झील धरणं म्हणतात. मी ती लोणावळ्याजवळ कुसगावात शिकले. माझं गाव लांब, बार्शीकडं. चौथीत शाळा सुटली, आई गेली, बापानं आत्याच्या दारात आणून सोडलं ते सोडलंच. आत्याच्या मालकांची, म्हणजे मामांची, गायन पार्टी होती. धम्मदीक्षेनंतर निघालेली. पार इंदुरीपर्यंत बोलावणी यायची. मामांचा नियम एकच, "पोरी, वळ खाली पडाया न्हाई पायजे. घसा फाटला तरी चालंल." तो नियम माझ्या हाडात शिरला. दुसरं होतं काय माझ्यापाशी?

पानशेत फुटलं, त्याच्या पुढच्या वर्षी आत्यानं मला लोणावळ्याला एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात लावून दिलं. तांदूळ निवडायला. शेजारच्या हॉलमध्ये दुपारी बँडची तालीम चालायची. गिटार, ड्रम, आणि पुढे उभी लिलीबाई. मुंबईची, ख्रिश्चन, पन्नाशीची. इंग्रजी गाणी म्हणायची. एक दिवस ओळीच्या शेवटाला तिचा श्वास तुटला. आणि मी — सूप हातात, तोंडात एक तांदळाचा दाणा — तो शब्द उचलला. मुद्दाम नाही हो! ओळ पडत होती, धरली. अर्थ माहीत नाही, भाषा माहीत नाही. हॉलमधलं वाजणं थांबलं. मला वाटलं, गेली नोकरी. दारात लिलीबाई आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोन हाय ही? माझी शेपटी पकडली हिने!"

तेव्हापासून मी शेपटी. सगळ्या बँडची शेपटी.

आत्याला कळलं तेव्हा तिनं माझं गाठोडं अंगणात टाकलं. "हाटेलात गाणार व्हय? मग ऱ्हा तितंच. आमी लोकांस्नी काय तोंड दावायचं?" मी कुठं जाणार होते? लिलीबाईनं तुंगार्लीतल्या तिच्या खोलीत अर्धी जागा दिली. स्वतःचे बूट दिले, पुढे कापूस कोंबून घालायचे. एक वही आणली. इंग्रजी शब्द मी बाळबोध अक्षरात लिहायचे, समोर अर्थ लिहायचे. अर्थावाचून ती गाऊ द्यायची नाही. "पोपट नको मला," म्हणायची. ब्लूज नावाचं एक गाणं असतं, ते तिचं आवडतं. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरी ओळ त्या दोघींना उत्तर देते. दुःखाचंच असतं, पण त्यात रडायचं नाही म्हणाली. मला फार सोपं वाटलं ते. आयुष्यात कुणी माझ्यासाठी इतकं केलं नव्हतं. हे लक्षात ठेवा. मी तर रोजच ठेवते.

तिला दमा होता. बँडमध्ये कुणाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं — एका खोलीत राहिल्यावर काय लपतं? "मॅनेजरला कळता कामा नये," म्हणायची. "माझा दम जिथे संपेल तिथे तू. बस." म्हणजे झील नव्हे, तिच्या छातीवरचं पांघरूणच होते मी. दोन वर्षं मी ते सरकू दिलं नाही.

आता त्या रविवारावर येते. येते, येते — जरा दम खाते मीही.

आदल्या दिवशी मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, पुढच्या सीझनला बँडमध्ये एकच बाई ठेवायची. लिलीबाई जुनी, लोक तिच्यासाठी येतात. तू दुसरीकडे बघ. वाईट बोलला नाही. पंख्याकडं बघत बोलला. मी 'हो साहेब' म्हटलं. खोलीवर येऊन लिलीबाईला काही सांगितलं नाही. का नाही? सांगितलं असतं तर ती भांडली असती माझ्यासाठी. मला ते पक्कं ठाऊक होतं. तरी नाही सांगितलं.

रविवारी दुपारी व्हरांड्यात नाच असायचा. दारूबंदीचे दिवस, पण सगळ्यांच्याच कपात चहा असेल असं नाही. मॅनेजर खांबाला टेकून उभा. लिलीबाईनं ब्लूज घेतलं. पहिली ओळ — मी धरली. दुसरी, तीच — धरली. तिसरी ओळ, उत्तराची. तिचा शेवटचा शब्द होता 'होम'. तिनं तो लावला, छाती वर आली, आणि नेहमीसारखी तिनं मान जराशी माझ्याकडं वळवली.

मी तोंड मिटून उभी राहिले.

किती वेळ? चार ठोके असतील. मागे ड्रम चालू होता. ओळ पडली. लिलीबाई पुन्हा तो शब्द घ्यायला गेली आणि शिट्टी वाजावी तसा तिचा श्वास वाजला, मग खोकला, मग थांबेचना. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, चेष्टेनं. मॅनेजर खांबापासून सरळ झाला. त्याला काय कळायचं ते कळलं.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "विसरले साहेब. इंग्रजी आहे ना." लगेच म्हटलं. शोधावं लागलं नाही. आणि लिलीबाई — खुर्चीत वाकलेली, ओठ निळे — तीच म्हणाली, "पोरीला नका बोलू. चौथी शिकलेली, तिला काय कळतंय? चूक माझी."

शाळा सुटल्याचं मला जन्मभर दुःख. त्या एका दिवशी ती सुटलेली शाळा कामाला आली.

आठवड्याच्या आत मॅनेजरनं तिला जायला सांगितलं. मी राहिले. पुढे उभं राहून गाणं मला कधी जमलं नाही. शेवटी मॅनेजरनं 'एकच बाई' सोडून दुसरी आणली, मी तिच्या मागे. नंतर हॉटेलं बदलली, बँड बदलले, लग्न झालं. कायम मागेच. कुणाचीही ओळ मी पुन्हा पडू दिली नाही — पण त्यानं काय होतं?

निघताना लिलीबाईनं ट्रंक भरली. बूट माझ्याकडंच राहू दिले. वही उशाशी होती, ती उचलून तिनं एक पान काढलं, बराच वेळ वाचत बसली. मग माझ्या हातात दिली. म्हणाली, "शेपटी, जपून ठेव ही. अर्थ सगळे बरोबर लिहिलेत तू."

टांगा आला. ती खाली उतरेपर्यंत मी वही उघडली नाही. कुठलं पान ते मला माहीत होतं. शाई पसरली आहे, पण अजून वाचता येतं. माझंच अक्षर आहे.

होम — घर.