आले नाहीत म्हणजे बरे झाले

मी एका मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. शिकवते कसली, डॉक्टरांच्या संशोधनातले आकडे तपासते आणि शिव्या खाते. प्रत्येक संशोधनाच्या डोक्यावर छोटा सारांश छापतात, त्याला ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात, आणि बहुतेक डॉक्टर तेवढाच वाचतात. त्यात हटकून एक वाक्य असतं: "योग्य त्या संख्याशास्त्रीय पद्धती वापरल्या." ते दिसलं की माझं टाळकंच सरकतं. अहो, कोणत्या पद्धती? योग्य आहेत हे ठरवलं कोणी, तुमच्या सासऱ्यांनी?

आमच्या सर्जरीच्या सरांनी शुगरच्या पेशंटांच्या पायाच्या जखमांवर एक नवं मलम वापरून पाहिलं. निकाल झकास. इतका झकास की मला संशय आला. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडचे कितीतरी पेशंट ऊसतोडीला निघून जातात. मग त्यांच्या जखमा पाहिल्या कोणी?

"मॅडम, परत आले नाहीत म्हणजे बरे झाले," सर म्हणाले. "दुखत असतं तर आले नसते का?"

"सर, तो माणूस कोयता घेऊन फडात उभा आहे. मुकादम त्याला ड्रेसिंगला सोडेल?"

"तुम्ही फार कीस काढता बुवा."

मी म्हटलं, निदान न आलेल्यांना बरे धरलंय, एवढं तरी ॲबस्ट्रॅक्टमध्ये लिहा. एक ओळ! तर म्हणे शब्दमर्यादा आहे. मलमाची तारीफ करताना ही मर्यादा कुठे गेली होती, देव जाणे. मग माझं नाव काढा म्हटलं, ते मात्र लगेच काढलं. ॲबस्ट्रॅक्ट छापून आलं, सरांचा सत्कार झाला, पेढे वाटले. मी पेढ्याला हात लावला नाही.

माझी मावशी शेवगावला असते. तिला शुगर आहे, आणि जोडव्याखाली बोटाला जखम झाली होती. साध्या ड्रेसिंगनं ती भरत आली होती. एक दिवस तिचा फोन आला.

"अगं, डाक्टरनं नवं मलम दिलंय. तुमच्याच कालेजात शोधलंय म्हनं. लई भारी हाय."

"मावशी, ऐक माझं, ते लावू नकोस. जुनंच ड्रेसिंग चालू ठेव."

"तू काय डाक्टर हाय व्हय?" मावशी हसली.

महिन्याभरात बोट काळं पडलं. मावसभावानं तिला तडक नगरला आणलं, आणि बोट कापावं लागलं. शुद्धीवर आल्यावर ती पायाच्या बँडेजकडे बघत राहिली. "आता जोडवं कशात घालू गं?" एवढंच म्हणाली. मला रडू आलं नाही. मला कोणाचा तरी गळा धरावासा वाटला.

तशीच शेवगावला गेले, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. ते मला ओळखत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हसून खुर्ची पुढे केली.

"या, या मॅडम! तुमच्या कॉलेजचं मलम म्हणजे मानलं. तुमच्या मावशी त्यानंतर परत आल्याच नाहीत. एवढ्या लवकर बऱ्या झाल्या! आता मी सगळ्यांना तेच देतोय."