दोरीच्या खेळात मी शेवटची उरले

बंगळूरला निघाले तेव्हा बाबा मला गोदामाच्या टेम्पोतून कल्याण स्टेशनला सोडायला आले. कशेळीच्या गोदामात त्यांची ड्युटी. सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून माल पोचवायच्या फेरीतच मला बसवलं. खारबावला घराच्या दारात आई रडत होती. बाबा मात्र गाडी सुटेपर्यंत एकच सांगत राहिले, "आपल्या घरातून शिकायला पयली तूच चालली हायस. कायबी होवो, हिंमत सोडायची न्हाय."

विद्यापीठात मी हळूहळू गप्प झाले. भिवंडीच्या बाजारात बिनधास्त बोलायचे ती हिंदी ऐकून वर्गातल्या मुली हसायच्या. पहिल्याच सेमिस्टरला विषय राहिले. मग लेक्चर सुटली, मेस सुटली, आंघोळही नकोशी झाली. आईचा फोन आला की म्हणायचे, "बरी हाय." फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडायचे. उद्या जागच आली नाही तर बरं, असं वाटायचं.

रूममेट शीबाने एकदा ओढतच एका कार्यशाळेला नेलं. समुपदेशक मॅडम म्हणे खेळांतून मन सांभाळायला शिकवतात. मला संताप आला. इथे माझा जीव जातोय आणि यांना खेळ सुचतात!

मैदानात झाडाझाडांना दोऱ्या बांधलेल्या. डोळ्यांवर पट्टी बांधून, दोरी धरून बाहेरची वाट शोधायची. मॅडम मधूनमधून सांगत, "किसी को मदद चाहिए तो हाथ उठाइए." एकेक जण सुटत होता, टाळ्या पडत होत्या. मी चालत राहिले. तेच झाड, तीच गाठ, पुन्हा तेच झाड. तळहात सोलवटला. मनात एकच: हिंमत सोडायची न्हाय. शेवटी मातीत बसून मी ओरडले, "मला न्हाय जमत! कुनीतरी या ना!"

माझं बोलणं तिथे कुणालाच कळलं नसेल. तरी मॅडम धावत आल्या, पट्टी सोडली. "इसमें बाहर का रास्ता था ही नहीं," त्या हळूच म्हणाल्या. "जिसने मदद माँगी, वो बाहर."

मला फसवल्यासारखं वाटलं. खूप रडले. संध्याकाळी आईला सगळं खरं सांगितलं. जगावंसं वाटत नाही, हेही. पलीकडे तिने बाबांना हाक मारली. मग बाबांनी फोन घेतला. आता ओरडतील, असं वाटलं.

"मी निघतो पोरी," ते म्हणाले. "तवर शीबाजवळच बस. एकटी राहू नको."

ते आले, राहिले, परत गेले. मी इथेच आहे. मॅडमकडे जाते. विषय अजून राहिलेले आहेत, आणि काही सकाळी अंग हलतच नाही. पूर्वी वाटायचं, घर म्हणजे पास होऊन परतायची जागा. आता तशा सकाळी मी फोन लावते, "बाबा, उठवत न्हाय." ते उपदेश करत नाहीत. कशेळीच्या पुलावर किती गाड्या अडकल्यात, आईने परसात काय लावलंय, असं काहीबाही सांगत राहतात, मी उठून बसेपर्यंत. सध्या माझं घर तेवढं आहे.