मागच्या गाडीच्या ब्रेकचा दिवा

मी मूळची फटकळ. पुण्याच्या पेठेत वाढले, तिथे तोंड आवरायला कुणी शिकवलंच नाही. पण गेल्या वर्षी नवऱ्याला स्ट्रोक आला आणि माझं बोलणं एकदम बदललं. त्याने कांदा वेडावाकडा चिरला तरी मी 'छान' म्हणायची, शर्टाची बटणं वरखाली लावली तरी 'छान'.

गाडी चालवायची परवानगी त्याला अजून नव्हती. म्हणून उन्हाळ्यात मीच कॅम्पर, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, चालवायची, आमची छोटी गाडी चारही चाकांवर मागे जोडायची आणि बेल्जियममधल्या आर्डेनच्या डोंगरात जायचं, असं ठरलं. पुढे ब्रेक दाबला की मागच्या गाडीतही लागायला हवा. त्यासाठी एक पेटी मिळते. ती मागच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायापाशी ठेवायची, तिचा दांडा तिथलं पेडल दाबतो. तो खरंच दाबतोय ना, हे मला पुढे कळावं म्हणून कॅम्परच्या डॅशबोर्डवर एक लाल दिवा बसवायचा होता.

"वायरिंग मी करणार," तो म्हणाला. "तू हात लावायचा नाहीस."

तीन शनिवार तो नेदरलँड्समधल्या आमच्या नीउ-व्हेनेपच्या घरासमोर वायरी सोलत बसला. उजवा हात थरथरायचा, वायर निसटायची, मग सणसणीत शिवी हासडायचा. खरं सांगते, ती शिवी ऐकून मला बरं वाटायचं. शेवटी एकदाचा दिवा लागला. मी टाळ्या वाजवल्या. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी सामान ठेवायला कॅम्परमध्ये गेले आणि सहज ब्रेक दाबून पाहिला. दिवा लागला. अगं बाई, पेटी तर घरात जेवणाच्या टेबलावर आहे! मग मागचं पेडल दाबतंय कोण?

खाली उतरून वायर तपासली. मागच्या गाडीचे ब्रेकलाइट कॅम्परमधून आलेल्या वायरीवरच लागतात, आणि त्याने आपला दिवा मागच्या पेडलला जोडायच्या ऐवजी नेमका त्याच वायरीला जोडला होता. म्हणजे मी पाय ठेवला की दिवा लागणार, मागे ब्रेक लागो न लागो. डोंगराच्या उतारावर ती गाडी आम्हाला ढकलत राहिली असती आणि मी दिवा बघून निर्धास्त बसले असते.

दाराशी बराच वेळ उभी राहिले. गुपचूप मेकॅनिककडून करून घ्यावं का? त्याला कळणारही नाही. एवढी एक गोष्ट त्याने स्वतः केली होती, तीही हिसकावून घ्यायची माझी छाती होईना.

पण आत गेले आणि तोंडातून निघालंच. "चुकलंय! साफ चुकलंय. पेटी इथे टेबलावर आणि दिवा तिकडे लागतोय. जीव गेला असता आपला, डोकं कुठे होतं तुझं?"

बोलले आणि तोंडावर हात ठेवला.

तो पेटीकडे बघत राहिला. चूक कुठे झाली ते त्याला कळलं असावं, कारण त्याने मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते.

"वर्षभरात आज पहिल्यांदा ओरडलीस," तो अडखळत म्हणाला. "मला वाटायचं, तू माझा नाद सोडलास."

मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. तो टेबलाला धरून उठला, पक्कड घेतली आणि म्हणाला, "चल, टॉर्च धर. आणि चुकलं तर लगेच सांग."