एक खोके शहापुरात, एक मुरबाडला

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. घरात नाही, आणि ज्या दोघी मैत्रिणींजवळ मी सगळे बोलते, त्यांच्याजवळही नाही. तुम्हाला सांगते आहे, आणि क्रमाने सांगते — क्रम सोडला की मी नेमका एखादा टप्पा गाळीन, एवढे मी स्वतःला ओळखते.

शहापूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकोणतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. प्रयोगवहीचा माझा एक नियम होता. वाचन चुकले तर खोडायचे नाही, व्हाइटनर लावायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर वाचन लिहायचे आणि खाली सही करायची. चूक दिसली, तरच ती सुधारल्याचेही दिसते. व्हाइटनर दिसला की मी त्या प्रयोगाचे सगळे गुण कापत असे. हा नियम लक्षात ठेवा.

अभ्यासक्रमाबाहेरचे थोडे सांगण्याची मला हौस होती. क्वांटमच्या जगात दोन कण असे गुंतलेले असू शकतात, की एकाचे मापन केले की दुसऱ्याविषयी लगेच कळते. बारावीच्या मुलांना हे समजवायचे कसे? म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला चपलांचा नवा जोड मी वर्गात नेला. एक चप्पल एका खोक्यात, दुसरी दुसऱ्यात. एक खोके शहापुरात, एक मुरबाडला. शहापुरातले उघडले, त्यात उजवी निघाली, म्हणजे मुरबाडला डावी. इथवर ठीक होते. मुलांना कल्पना तरी येई. पण मी एक वाक्य पुढे जात असे. मी म्हणत असे, त्याच क्षणी मुरबाडला निरोप पोहोचला, प्रकाशालाही मागे टाकून. या वाक्याला मुले टाळ्या वाजवत. दर वर्षी वाजवत.

ते वाक्य चूक आहे. मुरबाडला काहीही पोहोचत नाही. चपलांमध्ये नाही, आणि त्या कणांमध्येही नाही. शहापुरात खोके उघडले की नाही, एवढेसुद्धा तिथल्या माणसाला कळत नाही. उन्हाळ्यातल्या एका प्रशिक्षणात हे माझ्या लक्षात आले. घरी येऊन मी पाठ टाचणाच्या वहीतले या उदाहरणाचे पान उघडले. रेघ मारली का? नाही — ते पान मी पुढच्या पानाला डिंकाने चिकटवले. उदाहरण शिकवणे बंद केले. ज्यांना आधीच शिकवले होते त्यांना आता कुठे शोधत बसायचे, असे मी स्वतःशीच म्हटले. पण त्यांतल्या एकीला शोधावे लागणारच नव्हते. ती दर दिवाळीला माझ्या घरी फराळाला येत होती.

ती सुलभा. वडील मुरबाडला एका कारखान्यात फिटर, घर किन्हवलीच्या पुढे एका पाड्यावर. तिने भौतिकशास्त्रात एमएस्सी केले. क्वांटम तंत्रज्ञानातल्या पीएचडीच्या एका जागेची जाहिरात मीच तिला दाखवली — फी माफ, वसतिगृह, दरमहा विद्यावेतन. घरून एक पैसा लागणार नव्हता, म्हणून वडील तयार झाले. पण एकाच प्रयत्नापुरते. जागा मिळाली तर संशोधन, नाही तर बीएड आणि नोकरी.

मुलाखत ऑनलाइन होती. पाड्यावर रेंज नव्हती, माझ्या माडीवर होती. आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिथेच सराव केला. मी प्रश्न विचारत होते, वडील चहा घेत ऐकत होते. गुंतलेल्या कणांवर विचारलेच तर आपल्या बाईंचे चपलांचे उदाहरण सांगीन, असे ती म्हणाली आणि ते पूर्ण बोलून दाखवले. त्या वाक्यासकट. वडील हसले.

"चपलांचं आमालापन पाठ झालंय, बाई. आता तिला कोन अडवतंय?"

तिने बाकीचा सगळा विषय नव्या पुस्तकांतून पुन्हा तपासला होता. एवढे एकच तपासले नव्हते, कारण ते मी सांगितलेले होते. तेव्हा बोलायला किती वेळ लागला असता? एक मिनिट. मी म्हटले, "छान."

मुलाखतीला लॅपटॉप तिच्यासमोर होता. माझ्या फोनवरून नेट जोडले होते, म्हणून मी फोन घेऊन लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसले. मध्ये एकदा चित्र थांबले, काही सेकंदांत पूर्ववत झाले. उत्तरे नेमकी जात होती. मग तो प्रश्न आला — अशा जोडीने प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवता येईल का? तिने आत्मविश्वासाने चपलांचे उदाहरण सांगितले, त्या वाक्यासकट. परीक्षक भले असावेत. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश. नक्की ना, विचार करून सांगा, म्हणाले.

सुलभाने पडद्यावरून वर माझ्याकडे पाहिले. एकदाच.

मुलाखतीत मदत करणे गैर, हे मला मान्य आहे. मी नुसती बसून राहिले असते तर आज मदत न करण्याच्या त्या नियमाचे नाव घेता आले असते. पण मी बसून राहिले नाही. मी मान हलवली — होकारार्थी.

ती म्हणाली, नक्की.

तीन आठवड्यांनी नकार आला. त्यात कारण दिलेले नव्हते. त्या एका उत्तरानेच जागा गेली का, हे मला आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी ती घरी आली, पायरीवरच बसली.

"बाई, माझं कुठं चुकलं? तो प्रश्न त्यांनी दोनदा का विचारला?"

"मधे नेट अडकलं होतं ना गं. त्यांना ऐकू गेलं नसेल."

"म्हणजे उत्तर बरोबर होतं?"

"होतं."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "मग ठीके, बाई. आपल्याकडं रेंजच नाय, त्याला कोन काय करनार?" असे म्हणून ती उठली आणि शेवटच्या एसटीला गेली. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात आली. मी तिला ती पाठवली नाही. पाठवली असती, तर ती तयारीला पुन्हा माझ्याच माडीवर आली असती.

तिने बीएड केले. आता मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते. गेल्या फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिने मला पाहुणी म्हणून बोलावले. समोर एकेचाळीस मुले होती, मी मोजली. सुलभाने दोन खोकी आणि चपलांचा जोड टेबलावर ठेवला. "हे माझ्या बाईंचं उदाहरण," ती म्हणाली, "आणि त्या आज इथं बसल्यात." मग खोकी, शहापूर, मुरबाड — आणि ते वाक्य. माझ्याच लयीत. टाळ्या झाल्या.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी हात वर करून उभी राहिली. "पन मॅडम, मुरबाडवाल्यानं त्याचं खोकं उघडलंच नाय, तर त्याला कसं कळनार निरोप आलाय म्हनून?"

सुलभा माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हीच सांगा."

एकोणतीस वर्षांत माझ्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या मुलीने पहिल्याच ऐकण्यात विचारला.

मी म्हटले, "प्रश्न छान आहे. पण हे कळायला तू अजून लहान आहेस."

ती पाने अजून चिकटलेलीच आहेत. सुलभा याही दिवाळीला येऊन गेली.

त्या दिवशी माझ्या उत्तरावरही टाळ्या झाल्या. त्या मुलीने हात खाली घेतला. आजूबाजूला पाहिले, आणि बाकीच्यांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली.